घनसावंगीच्या जावयाकडे सहा दिवस

वेंगुर्ल्याहून घनसावंगीला मुद्दाम कोणी जात नाही. मी गेले ती रोबोट शिकायला, आणि हे जिथे जिथे सांगितलं तिथे तिथे लोकांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या पिशवीकडे. पिशवीत सुके बोंबील होते.

मी वेल्डर आहे. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. बाबा शेठच्या वर्कशॉपात वेल्डिंग करायचे. त्यांचा मदतनीस एक दिवस न सांगता गोव्याला पळाला म्हणून चार दिवसांसाठी मी गेले, त्याला अठरा वर्षं झाली. होडीची कडी, लोखंडी गेट, जेट्टीचा कठडा, काय म्हणाल ते जोडते. बाबांना आता उजेड आणि काळोख एवढाच फरक कळतो. तरी ते रोज दुपारी वर्कशॉपाच्या दारातल्या बाकावर येऊन बसतात आणि आवाजावरून चुका काढतात.

तर घनसावंगीतल्या दादारावांच्या शेतीअवजारांच्या कारखान्याला मोठा रोबोट घ्यायचा होता आणि जुना, लहान विकायचा होता. आमच्या शेठनी तो फोनवर फोटो बघून पसंत केला. विकणाऱ्याची अट एकच, तुमचा एक माणूस सहा दिवस आमच्याकडे राहून शिकेल आणि त्याला जमलं तरच मशीन ट्रकवर चढेल. जायचा होता शेठचा पुतण्या, डिप्लोमावाला. नेमकी त्याची परीक्षा आली.

"तू जा," शेठ म्हणाले. "जमलं तर मशीन तुझ्या हाताखाली. नाही जमलं तर मे महिन्यात पुतण्या जाईल शिकायला, आणि तू त्याच्या जोडांवर ग्राइंडर मारशील."

शेठनी तिकीट काढून दिलं, वर वाटखर्च दिला. माझ्यासारखीला कोण पाठवतो एवढ्या लांब? मी त्यांचे उपकार मानते. पण कोल्हापूर येईपर्यंत मला सारखा ग्राइंडरच ऐकू येत होता.

जीप

मधले प्रवास सांगत नाही, बसमध्ये सगळीकडे गुडघे सारखेच दुखतात. अंबडला जीप मिळाली. दहाजणांच्या जागेत आम्ही सोळा. आमच्याकडे रस्त्याला दर दहा पावलांवर वळण असतं, पुढचं दिसत नाही म्हणून माणूस निवांत असतो. इथे काळी जमीन सपाट पसरलेली आणि रस्ता सरळ. उद्या भेटणारा माणूस आजच दिसेल असा. अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे निघालेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढत होते आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं.

शेजारच्या आजीने नाक मुरडलं. "काय वास यून राह्यला गं?"

"मासे आहेत. सुके."

"कुठली तू?"

"वेंगुर्ल्याची. समुद्राकाठी."

"मंग हिकडं काय काम काढलं?"

"दादारावांच्या कारखान्यात आलेय. शिकायला."

आजीने पुढे वाकून ड्रायव्हरला हाक मारली. "आरं, ही जावयाकडं आलीय."

सगळी जीप वळून माझ्याकडे बघायला लागली. दादारावांना जावई आहे हेच मला माहीत नव्हतं, त्याच्याकडे माझं काय काम असणार?

"लई रुसका हाय," आजी म्हणाली. "हात लावू नको बिलकुल."

कारखान्याच्या फाटकात उतरेपर्यंत मी पिशवी छातीशी धरून बसले होते.

जावई

जावई म्हणजे तो रोबोटच. हे मला दादारावांच्या बायकोने, शांताकाकूंनी, हातपाय धुवायला पाणी देतादेता सांगितलं. "त्येला हात लागला की रुसून थांबतो. वीज कमीजास्त झाली की रुसतो. घरात आमाला कूलर न्हाई, त्याला हाय. मंग जावई न्हाई तर काय म्हनावं?"

आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, जेवून आलात की जाऊन जेवणार. इथे विचारत नाहीत, ताट येतं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसरची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, ते कालवणाला लावतात. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ गेली, दुसऱ्याला सवय झाली. मी बोंबील काढून दिले. दादाराव साठीचे गृहस्थ, बंडी घातलेली, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी एक बोंबील उजेडात धरून पाहिला.

"हे लाकूड कशाचं म्हनायचं?"

तव्यावर भाजून चटणी केली तर गप्प बसून संपवली. दुसऱ्या दिवशी मला बाजूला बोलावून विचारलं, ते लाकूड उरलंय का.

मग आली प्रज्ञा, कारखान्याची इंजिनियर, भोकरदनकडच्या धावड्याची. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. तिने एक फॉर्म पुढे केला. नाव लिहिलं, गाव लिहिलं. पुढे 'शिक्षण' असा चौकोन होता. आठवी लिहिलं तर इथूनच परत पाठवतील असं वाटलं. मी लिहिलं, 'चालू आहे'. प्रज्ञाने वाचलं, फॉर्म घडी करून ठेवला. त्या घडीची मला सहाही दिवस धास्ती होती.

रोबोट म्हटल्यावर मला वाटलं होतं दोन पाय असतील, डोळे लुकलुकतील. निघाला नुसता हात. खांद्यापासून पुढे आहे, मागे माणूसच नाही. टेबलाला बोल्टने बसवलेला, टोकाला आपली नेहमीची सीओटू गॅसची, तोंडातून तार सोडणारी वेल्डिंग गन. डोकं खाली कपाटात.

"रोबोट कशाला म्हणायचं ताई?" प्रज्ञाने विचारलं.

"आपोआप चालतं त्याला."

"शेतातल्या मोटरीला ऑटो बसवतात. लाइट आली की मोटर चालू. विहिरीत पाणी हाय का न्हाई, त्याला घेणंदेणं न्हाई. तो रोबोट झाला का?"

"नाही."

"का न्हाई?"

"तो काही बघत नाही."

"बराबर. रोबोट आधी अंदाज घेतो, मंग ठरवतो, मंग हात हलवतो. आन् आज हे काम, उद्या दुसरं, असं शिकवता येतं त्याला. आता डोळे मिटा आन् नाकाला बोट लावा."

लावलं.

"न बघता कसं सापडलं?"

"माझंच नाक आहे."

ती हसली. पण तेच उत्तर होतं. या हाताला सहा सांधे, खांद्याला दोन, कोपराला एक, मनगटाशी तीन. प्रत्येक सांध्यात एक मोटर आणि मोटर किती फिरली ते मोजणारी चकती. सगळ्या सांध्यांचं माप घेऊन कपाटातलं डोकं हिशेब करतं, गनचं टोक आत्ता अमुक ठिकाणी आहे. डोळे त्याला नाहीतच. आणि कुणाला धडकला तर मोटरीला जास्त जोर लागतो, तो जोर मोजून थांबतो. तेच त्याचं रुसणं.

"पण नाक जागेवर नसलं तर?" मी विचारलं.

"तर बोट हवेत."

बोट हवेत

हे मंगळवारी मीच करून दाखवलं. कोळप्याचे क्लॅम्प जोडायचे होते. कोळपं म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायचं अवजार. मी बटण दाबलं आणि टेबलावर क्लॅम्प ठेवायला विसरले. जावई निघाला, बरोबर जागी आला आणि रिकाम्या जागेवर मोठ्या भक्तिभावाने फिरायला लागला. गनमधून तार शेवयांसारखी बाहेर. मशीनने शेवटी हरकत घेतली तेव्हा वीतभर शेवया लोंबत होत्या.

"सत्यनारायन घातला का?" दादारावांनी विचारलं. "जल्दी कापा ती तार, न्हाईतर काकू खीर करंल."

मी माफी मागत राहिले. दादारावांना माफीचा कंटाळा आला असावा. "दहा झाले, चहा," म्हणाले. खरं तर नऊच झाले होते, दहावा हवेत गेला होता. पण इथे दर दहा नगांना चहा, हा नियम. सगळे आवारातल्या लिंबाखाली, म्हणजे कडुलिंबाखाली, जायचे. दादाराव मागे राहून जुनी पक्कड आणि फडकं घेऊन गनचं तोंड पुसायचे, मग यायचे. काकू म्हणायच्या, सासऱ्याने जावयाचं तोंड पुसायची ही पहिलीच वेळ.

टक टक

बुधवारी खरं शिकवणं. या जातीच्या रोबोटला हात धरून शिकवतात. बटण दाबलं की तो अंग सैल सोडतो, आपण त्याला हाताला धरून जोडायच्या फटीवरून न्यायचं, तो सगळी वाट ध्यानात ठेवतो आणि मग तशीच चालतो. मुलाला पाटीवर अक्षर गिरवायला शिकवावं तसं. मला बरं वाटलं. यात लिहायचं काही नव्हतं.

मी नेलं. प्रज्ञाने चालवलं. जावई खाली आला, क्लॅम्पच्या कडेवर टक टक असं दोनदा आपटला आणि लाल दिवा लावून थांबला.

"दार वाजवतोय," दादाराव म्हणाले. "शिकवलं कुनी?"

"मी नाही ठोकलं," मी म्हणाले.

पुन्हा शिकवलं. टक टक, लाल दिवा. तिसऱ्यांदा तेच. मी शपथ घेणार होते. प्रज्ञाने तिच्या फोनवर माझा व्हिडिओ घेतला आणि दाखवला. मी गन धरते, टेबलाशी येते, कडेवर टक टक करते आणि मग सुरू करते. अठरा वर्षं मी हे करतेय आणि मला पत्ता नाही. अगदी बाबांचा हात. बाबा ठोकायचे तसंच, दोनदा, दुसरा ठोका हलका.

ठरवून न ठोकता करायला गेले तर हात लटपटला, वाट वाकडी गेली. ठोकलं की लाल दिवा, न ठोकलं की वाकडं. दुपारपर्यंत नऊ वेळा रुसला. त्याला शिकवणारी बाई त्याच्यापेक्षा जास्त रुसायच्या बेतात होती. घरी फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, "जमता मा?" मी म्हटलं, जमतं. मग मी लिंबाच्या झाडाकडे तोंड करून बसले.

हुरडा

गुरुवारी प्रज्ञाने स्कूटरवर बसवून एका शेतात नेलं. हुरडा, म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून चोळून खातात. गरम दाणे, शेंगदाण्याची चटणी, वर झाडाची मोसंबी. समुद्राकाठच्या माणसाने इथे येऊन हे एकदा खावं आणि मग मासे चांगले की हे, यावर भांडू नये.

पलीकडे बाया कापूस वेचत होत्या. प्रज्ञा म्हणाली, "माझी आई अशीच वेचते. दोन्ही हातांनी, गप्पा मारत, न बघता. कॉलेजात मी कापूस वेचणारा रोबोट करायला घेतल्ता. कॅमेरा लावला, चिमटा लावला. त्यानं बोंडासंगं पान आणलं, काडी आणली, एकदा तर माझी ओढणी. आईला विचारलं, तू कशी वेचते ते सांग. तर म्हणली, वेचते म्हणून वेचते."

"मग?"

"मंग काय. हाताला येतं ते तोंडाला सांगता येत न्हाई. आन् सांगता येत न्हाई तवर कपाटातल्या डोक्यात जात न्हाई."

मी फॉर्मबद्दल बोलणार होते. तोंडात हुरडा होता, राहून गेलं.

शुक्रवारी तिने दुसरी रीत काढली. सगळी वाट ध्यानात ठेवायची नाही, फक्त मी बटण दाबीन तेवढे ठिपके. सुरुवात, मध्य, वळण, शेवट. ठिपक्यांच्या मधली रेघ तो स्वतः जोडतो. रांगोळीच म्हणा ना. मधे मी काय ठोकते ते त्याला कळतच नाही. झालं. जावई न ठोकता सरळ गेला आणि फटीवर लोखंडाची सुंदर शिवण घालून परत आला.

पंचवीस क्लॅम्प

शनिवारी परीक्षा. दादारावांनी पंचवीस क्लॅम्प मांडले. "सगळे चांगले निगाले की तुज्या शेठला फोन लावतो. न्हाई निगाले तर पुतन्या."

दहा झाले. दादाराव उठले. "चहा."

पंधरा उरले होते आणि माझं लक्ष टेबलावरून हलेना. "मला नको काका, मी पुढं करते."

आता पाहुणी चहा घेत नाही म्हटल्यावर कुणीच घेतला नाही. सगळे भोवती हाताची घडी घालून उभे राहिले.

अकरा, बारा, तेरा ठीक. चौदाव्याच्या शिवणीत भोकं, इडलीला असतात तशी. पंधराव्यात जास्त. प्रज्ञाने गॅस तपासला. भरलेला. दादारावांनी दार लावलं, वारा लागत असेल म्हणून. सोळावा तसाच. प्रोग्रॅम तोच, ठिपके तेच, लोखंड तेच. डोळ्यांपुढे पुतण्या दिसला, हातमोजे घातलेला.

काय झालं ते कळेना म्हणून मी सवयीने गन बघितली. तोंड वितळलेल्या लोखंडाच्या थेंबांनी बुजलेलं. वेल्डिंग करताना थेंब उडतात, गनच्या तोंडात चिकटतात, मग गॅस नीट बाहेर येत नाही आणि शिवणीला भोकं पडतात. हे मला माहीत होतं, पण माझ्या गनचं तोंड कधी बुजतच नाही.

का बुजत नाही?

मी जावयाचा हात सैल करून त्याची गन टेबलाच्या कडेवर टक टक केली. थेंब खाली पडले.

प्रज्ञा दादारावांकडे वळली. "काका, तुमच्याकडं हे कधी कसं झालं न्हाई?"

दादाराव डोकं खाजवत होते. "दहा झाले की चहा होतो की. मी तोंड पुसतो त्याचं." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते टेबलावर बसलेच. "आयला, चहाच न्हाई झाला."

म्हणजे इतकी वर्षं त्या कारखान्यात चहा हा प्रोग्रॅमचा भाग होता आणि तो कुणी लिहिला नव्हता. माझी टकटक माझ्या हाताचा भाग होती आणि ती आम्ही कालच पुसून टाकली होती.

प्रज्ञाने तासभर घेतला. टेबलाच्या कोपऱ्यात बाभळीचा ठोकळा बसवला. जावयाला मुद्दाम शिकवलं, की दर नगाआधी ठोकळ्यावर जायचं, हळू, रुसणार नाहीस इतपत, आणि दोनदा. ठोक्याचे ठिपके मला द्यायला लावले. दुसरा ठोका हलका ठेवू का, मी विचारलं. ती म्हणाली, गरज न्हाई, पण ठेवा.

पंचवीस क्लॅम्प पुन्हा पहिल्यापासून. मधे दोनदा चहा झाला, कारण काकूंनी सांगितलं की जावयाची सोय झाली, माणसांची कुणी बघायची? एकाही शिवणीला भोक नव्हतं.

दादारावांनी फोन काढला. त्यांनी शेठला काही सांगण्याआधी मला राहवलं नाही. "काका, फॉर्मवर मी खोटं लिहिलंय. मी आठवी आहे."

"मी सातवी," दादाराव नंबर शोधत म्हणाले. "आन् जावई तर बालवाडीतबी न्हाई गेला. हॅलो, शेठ? मशीन पाठवतो. बाई बराबर शिकली. तिला ग्राइंडर बिलकुल देऊ नका."

प्रज्ञाने फॉर्म परत दिला. 'चालू आहे' च्या पुढे तिने बरोबरची खूण केली होती, खाली तारीख पहिल्याच दिवसाची.

रविवारी ट्रक भरला. शांताकाकूंनी जावयाच्या कोपराला कुंकू लावलं, माझी ओटी भरली आणि येसरचा डबा दिला. दादाराव म्हणाले, "सांभाळा. घरजावई झाला आता." आणि चष्मा पुसत लिंबाकडे गेले. प्रज्ञाने नुसता जय भीम घातला. मी तिला तोच परत केला.

घरी

मशीन चौथ्या दिवशी वर्कशॉपात उभं राहिलं. बाभळीचा ठोकळाही आला होता, प्रज्ञाने वेगळा बांधून दिलेला. पुतण्या येऊन बघून गेला. रोबोट ठोकतो कशाला, म्हणाला. मी त्याला म्हटलं, चहा घे, सांगते.

दुपारी बाबा बाकावर येऊन बसले. मी त्यांच्या शेजारी येसरचं पीठ वाटीत घेऊन उभी होते, वास बघा म्हणायच्या बेतात. आत जेट्टीच्या कठड्याचा पहिला नग लावलेला. जावई खाली आला. टक टक. दुसरा हलका.

बाबांनी मान आतल्या बाजूला वळवली.

"तोंडार मास्क घे गो आधी," ते मशीनला ओरडले.

मी वाटी पाठीमागे लपवली. पुढच्या नगाला पुन्हा टक टक झालं, पुन्हा ओरडा बसला. तो उलट उत्तर देत नाही, त्यामुळे महिनाभरातच बाबांचं मत झालंय की घनसावंगीला जाऊन आल्यापासून मी पुष्कळ सुधारले.